कारणाचा रकाना

मला नोकरी लागण्याआधी आमच्या घरात आडी महिना म्हणजे भुकेचा महिना होता. आडी हा तमिळ पंचांगातला जुलै-ऑगस्टचा महिना, त्यात लग्नं होत नाहीत. माझे अप्पा लग्नाच्या आचाऱ्यांच्या हाताखाली राबायचे. मुहूर्त नाहीत म्हणजे काम नाही. अम्मा एका बाईंकडे अप्पळं, म्हणजे उडदाचे पापड लाटायला जायची आणि वाळवताना मोडलेली अप्पळं घरी न्यायची तिला मुभा होती. आडीत आम्ही तिघी बहिणी दुपारी कांजी, म्हणजे तांदळाची पेज, आणि मोडकी अप्पळं खायचो, रात्री नुसती कांजी. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत बरीच घरं मराठी बोलणारी. कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी सरकारी कचेरीत. आमचं तसं नव्हतं. आमच्या घरात छापील कागद यायचा तो वाण्याच्या पुडीचा.

मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मिरवायलाच सांगते. निकालाच्या दिवशी अप्पा कुंभकोणमला कोणाच्या तरी लग्नात सांबार ढवळत होते. त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं.

त्याच सुमाराला खाजगी कंपन्यांची विमानं उडायला लागली होती. त्रिचीहून मद्रासला रोज सकाळी एक चाळीस जागांचं विमान जाऊ लागलं. त्या कंपनीनं तंजावुरात जुन्या बस स्टँडजवळ एक खोली घेऊन तिकिटांचं ऑफिस उघडलं. आमच्या भागातले गवंडी, सुतार, वायरमन आखातात जायला निघाले होते. त्यांचं पुढचं मोठं विमान मद्रासहून सुटायचं, म्हणून हे छोटं विमान. त्या ऑफिसात मला नोकरी देणारा आणि दोन वर्षांनी ती घालवणारा माणूस एकच. त्याच्याविषयी लिहायचं आहे.

मुलाखतीला मी सव्वानऊच्या सुमाराला पोचले. टेबलामागे पांढरी वेष्टी, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कपाळावर गोपीचंदनाची रेघ अशी एक बारीक मूर्ती होती. त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं नाही. आमच्या मराठीत विचारलं, "दारांत किती वाजतां पोचलीस?"

मी म्हटलं, सव्वानऊच्या सुमाराला.

"सुमार येथें चालत नाहीं. बाहेर जा, घड्याळ पाहा, परत ये."

मी बाहेर जाऊन समोरच्या औषधाच्या दुकानातलं घड्याळ पाहून आले. नऊ एकवीस. ते म्हणाले, म्हणजे पहिल्यांदा तू नऊ अठराला आलीस, आता बस. मुलाखत संपली.

आमची ही मराठी पुण्यात कोणी ऐकली की हसतं. जुन्या बखरीतून उठून आल्यासारखी बोलता, म्हणतात. मी आता पुष्कळ वर्षं पुण्यात आहे आणि तुमच्यासारखं लिहायला शिकले आहे. पण त्यांचं बोलणं मला त्यांच्याच शब्दांत आठवतं, ते तसंच लिहिते. गिऱ्हाईक नसताना ते मला 'पोरी' म्हणत, गिऱ्हाईक असलं की 'मिस'. मी एकदा त्यांना 'मामा' म्हटलं. थोरल्या गल्लीतले ते, आमच्या अम्माला ओळखायचे. त्यांनी मान न वळवता सांगितलं की मामा घरी असतो, इथे सार, म्हणजे सर, म्हणायचं. त्यानंतर मी सारच म्हणत आले.

सार आधी रेल्वेत होते. स्टेशनमास्तर नाही, कंट्रोलर. एका बंद खोलीत कानाला फोन लावून कुठली गाडी कुठे आहे ते मोठ्या तक्त्यावर रेघांनी मांडत बसायचं, हे त्यांचं काम. गाडी सात मिनिटं उशिरा आली तर ती सात मिनिटं कोणाच्या तरी खात्यावर पडलीच पाहिजेत. इंजिनवाले म्हणणार सिग्नल, सिग्नलवाले म्हणणार डबेवाले. तीस-पस्तीस वर्षं सारांनी ही भांडणं ऐकली आणि मिनिटं वाटली. त्यातून त्यांचं एक बोलणं तयार झालं होतं. मिनिटाला बाप असतो. बाप सांगितल्याशिवाय मिनिट पुढे जाऊ द्यायचं नाही.

हे रेल्वेपुरतं राहिलं नव्हतं. मला सकाळी उशीर झाला की ते रजिस्टर पुढे सरकवत आणि विचारत, "नऊ मिनिटें. बाप कोण?" मी म्हणायची, बस. ते म्हणायचे, बस वेळेवर गेली, मी पाहिली, दुसरा सांग. मग मी म्हणायची, नळाला पाणी उशिरा आलं. हे ते लिहून घेत. त्यांच्या बायकोनं मला एकदा हसत सांगितलं होतं की कॉफी उशिरा झाली तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारतात, दूध की डिकॉक्शन. नात्यातल्या लग्नांना त्यांना बोलावणं बंद झालं होतं, कारण एका लग्नात मुहूर्त टळल्यावर ते मांडवात उभे राहिले होते आणि भटजींना अकरा मिनिटांचा हिशेब मागितला होता. नवऱ्या मुलाचे काका मध्ये पडले तेव्हा त्यांनाही विचारलं होतं की तुमचे किती.

ते वारले तेव्हा त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. त्याचं विमान मद्रासला उशिरा उतरलं आणि प्रेत दीड तास अंगणात थांबलं. मी तिथे होते. मुलगा टॅक्सीतून उतरून आईच्या पायाशी बसला. ती माउली त्याच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच बोलली, "कां उशीर झाला तें विचारून आलास ना?" गर्दीतल्या कोणी ओठ दाबले आणि कोणाला रडू फुटलं. मला दोन्ही झालं.

ऑफिसात त्यांच्यामुळे धंदा बुडतो असं मद्रासच्या मुख्य ऑफिसातल्या लोकांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. गुरुवारी विमान बरेचदा रद्द व्हायचं. गुरुवारचं तिकीट मागायला कोणी आलं की सार त्याला सांगत, रेल्वेनं जा. माणूस म्हणायचा, पण तुम्ही विमानवालेच ना. सार म्हणत, म्हणूनच सांगतो. बारा दहाला ते शटर अर्धं ओढून दहीभाताचा डबा उघडत. त्या वेळात मंत्री आला असता तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसावं लागलं असतं.

आता नियमाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सरकारचा नियम असा की प्रत्येक कंपनीनं महिना संपला की दिल्लीला एक तक्ता पाठवायचा. किती उड्डाणं उशिरा गेली, किती रद्द झाली, प्रत्येकाचं कारण काय, आणि प्रवाशांच्या तक्रारी किती आल्या. कारणासाठी रकाने होते. हवामान, यंत्रातला बिघाड, व्यापारी कारण, इतर. व्यापारी कारण म्हणजे साध्या भाषेत प्रवासी कमी होते म्हणून नेलं नाही. हा रकाना कंपनीला आवडत नसे. हवामानात कोणाचा दोष नाही. पाऊस कोणाच्या पगारावर नाही. त्यामुळे मद्रासहून जो पक्का तक्ता निघायचा त्यात आमच्या भागात बाराही महिने वादळं असायची.

सार रोज सकाळी ऑफिस उघडण्याआधी रस्त्याच्या मधोमध उभे राहून आकाश बघत आणि डायरीत लिहीत. निरभ्र. किंवा पूर्वेला थोडे ढग. सायकलवाले घंटा वाजवून त्यांना वळसा घालून जात. मला वाटायचं, म्हातारपणचं वेड. महिन्याच्या शेवटी ते डायरी आणि मद्रासचा तक्ता शेजारी ठेवून बसत, तेव्हा ते वेड नाही हे कळायचं.

तक्रारींचंही तसंच. कंपनी मोजायची ती लेखी तक्रार, इंग्रजीत, मद्रासच्या पत्त्यावर आलेली. आमची गिऱ्हाइकं अंगठा उठवणारी. सारांनी तक्रारवही काउंटरवर ठेवली होती आणि सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधली होती. कोणी येऊन ओरडायला लागलं की ते त्याला बसवत, पाणी देत आणि सांगत, आता हळू सांग, मी लिहितो. तो सांगेल तसं तमिळमध्ये लिहायचे, शिव्यांसकट. मग वाचून दाखवायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं स्वतःची शिवी वाचून ऐकल्यावर लाजून ती काढायला सांगितली. सार म्हणाले, काढतो, पण मग पुढचं वाक्य लंगडं पडतं. आमच्या एका ऑफिसच्या तक्रारी कंपनीच्या बाकी सगळ्या ऑफिसांच्या बेरजेहून जास्त भरायच्या. मद्रासला वाटायचं की तंजावूरची माणसं भांडखोर आहेत.

आणि एक चिठ्ठीची पद्धत होती, तीही त्यांचीच. खेड्यातल्या प्रवाशाकडे फोन नसायचा. तिकीट देताना सार त्याच्या कार्डावर गावाच्या बसचा नंबर आणि गावातल्या चहावाल्याचं नाव लिहून घेत. विमान रद्द झालं की चिठ्ठी लिहायची, बस स्टँडवर त्या बसच्या कंडक्टरच्या हातात द्यायची, तो ती चहाच्या दुकानात टाकायचा, चहावाला माणूस पाठवायचा. दोन वर्षांत एकही चिठ्ठी हरवली नाही. जी एक वेळेवर पोचली नाही ती माझ्या हातून.

त्या दिवशी आडीचा सतरावा दिवस होता. दुसऱ्या दिवशी कावेरीचा सण. आडीच्या अठराव्याला नव्या पाण्याची पूजा करायला सगळा मुलूख नदीवर लोटतो, आणि तिरुवैयारूच्या वाटेवरच्या बसगाड्यांना आदल्या संध्याकाळपासून माणसं लोंबकळायला लागतात. सार दुपारी डोळे तपासायला गेले होते. मी एकटी होते. चार पन्नासला मद्रासचा फोन आला. उद्याचं विमान जाणार नाही, सहाच प्रवासी आहेत, तुमच्या दोघांना कळवा. मी वहीत वेळ लिहिली, चार पन्नास, आणि खाली सही केली.

दोघांपैकी एक डॉक्टर होते, त्यांना फोन केला. दुसरा तिरुवैयारूच्या पलीकडचा एक गवंडी. त्याला मद्रासहून दुसऱ्या दिवशी दुपारी आखाताचं विमान होतं आणि व्हिसाची मुदत दोनच दिवस उरली होती. मी चिठ्ठी लिहिली. पाच वीसच्या बसला द्यायची होती. स्टँडवर गेले तर बसच्या दाराशी माणसांचा भारा होता, कंडक्टर दिसेना. आत घुसायचं तर साडी फाटली असती. दोनच साड्या होत्या माझ्याकडे. मी विचार केला, विमान सकाळी दहा चाळीसचं, माणूस सात वाजेपर्यंत घरीच असणार. पहाटे साडेपाचच्या पहिल्या बसला चिठ्ठी देऊ. आणि खरंच, पहाटे उठून स्टँडवर जाऊन मी ती दिली.

माणूस घरी नव्हता. आडीत कोणी शुभकामाला घर सोडत नाही. पण व्हिसाला आडी कळत नाही, म्हणून त्यानं आदल्या रात्री साडेसातची चांगली वेळ बघून प्रस्थान केलं होतं. म्हणजे चांगल्या वेळी घराबाहेर पडायचं आणि दुसऱ्याच्या घरी मुक्काम करून तिथून पुढे निघायचं. तो त्रिचीत मेव्हणीकडे झोपला होता. पाच वीसची चिठ्ठी त्याला सव्वासहाला मिळाली असती, रात्रीच्या गाडीनं तो मद्रासला गेला असता आणि विमानात बसला असता. ज्या घरात मुहूर्ताशिवाय चूल पेटत नाही त्या घरातली मी. प्रस्थान ठेवतात हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू. मी बी.कॉम. झाले होते आणि ते विसरले होते.

त्रिचीच्या विमानतळावर खडूनं पाटी लिहिली होती, खराब हवामानामुळे उड्डाण रद्द. कंपनीच्या माणसानं गवंड्याला तसं पत्रही दिलं. ते घेऊन तो आणि त्याची बायको त्याला आखातात पाठवणाऱ्या त्रिचीतल्या एजंटकडे गेले. एजंटनं पत्र वाचून परत फेकलं. त्याच तुकडीतली बाकीची माणसं मद्रासहून वेळेवर गेली होती, सगळ्यांना ऊन आणि तुला एकट्याला पाऊस, असं तो म्हणाला. मालक म्हणेल माणूस दारू पिऊन पडला असेल. खरं काय झालं ते कंपनीकडून लिहून आण, तर तुझं नाव पुढच्या तुकडीसाठी ठेवतो. शुक्रवारपर्यंत नाही आणलंस तर नाव काढलं.

ही दोघं आमच्या ऑफिसात आली तो गुरुवार होता. गवंडी दाराशीच उभा राहिला. उंच, काळासावळा माणूस, प्रवासासाठी शिवलेली नवी पँट अजून अंगावर. बोलली ती बायको. आवाज न चढवता बोलली. घर दिराच्या ताब्यात देऊन ती पोरांसह माहेरी जाणार होती. आता दीर घर सोडत नाही आणि भाऊ ठेवून घेत नाही. तीन दिवस ती दोघं आणि पोरं देवळाच्या मंडपात झोपत होती. सारांनी सगळं लिहिलं, वाचून दाखवलं, तिचा अंगठा घेतला. मग त्यांना बाकावर बसवून फोनची वही उघडली.

"चार पन्नास," ते म्हणाले. "तुझी सही. चिठ्ठी कोठें?"

मी म्हटलं, बसला दिली.

"कोणत्या बसला?"

मला खोटं बोलायचं होतं, पण ते नंतर स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारणार हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं. गर्दी, साडी, पहिली बस, सगळं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेन्सिलनं वहीच्या कडेला वजाबाकी केली. बारा तास चाळीस मिनिटं.

मग टाइपरायटर पुढे ओढून त्यांनी पत्र टाइप केलं. उड्डाण प्रवासी कमी असल्यामुळे रद्द केलं होतं. या कार्यालयाला ते आदल्या दिवशी चार पन्नासला कळलं होतं. प्रवाशाला ते वेळेत कळवण्यात या कार्यालयाकडून चूक झाली. प्रवाशाचा दोष नाही. खाली दोन सह्यांची जागा, कार्यालयप्रमुख म्हणून त्यांची आणि निरोप घेणारी म्हणून माझी.

मी पहिल्यांदाच त्यांच्याशी भांडले. म्हटलं, आडी चालू आहे. अप्पा घरी बसले आहेत. पाच माणसं या पगारावर आहेत, माझं नाव काढा. त्यांनी बोटांनी टाइपरायटरचा दांडा पुसला.

"पोरी, मीं तुझें नांव काढलें तर एजंट विचारील, फोन कोणीं घेतला. मग तें पत्र पहिल्यासारखेंच. सही करायची कीं नाहीं तें तूं पाहा. तुझ्याऐवजीं मीं करणार नाहीं."

त्यांनी स्वतःची सही केली, पत्र माझ्या टेबलावर ठेवलं, आणि बारा दहा झाले होते म्हणून शटर अर्धं ओढून डबा उघडला. मी ते पत्र बघत बसले. शटरखालून बाकावर बसलेल्या त्या दोघांचे पाय दिसत होते.

ते जेवून हात धूत होते तेव्हा मद्रासचा मॅनेजर आला. तो त्या दिवशी त्रिचीला आलेला होता, आणि ही दोघं आधी विमानतळावर नवं पत्र मागायला गेली होती ते तिथे त्याच्या कानावर गेलं असावं. तिशीचा मुलगा, गळ्यात टाय, सारांना 'अंकल' म्हणायचा. पत्र वाचून तो हसला आणि इंग्रजीत, गोड आवाजात बोलला. अंकल, या महिन्याच्या तक्त्यात हवामान लिहून झालं आहे, विमानतळावरच्या पाटीवर हवामान आहे, आता तुम्ही वेगळं लिहिलंत तर दिल्लीला आपण खोटे ठरतो. मग तो माझ्याकडे वळला. हवामान राहिलं तर फोन किती वाजता आला हे कोणी विचारणारच नाही, असं म्हणाला. तुमची नोकरी आहे, घर आहे, विचार करा.

तो बोलत होता ते मला पटत होतं. हे लपवत नाही. एक शब्द तसाच राहू दिला असता तर माझी चूक त्यात बुडून गेली असती आणि कोणाला दिसली नसती.

सारांनी हात पुसले आणि त्याच्यासमोर मला विचारलं, ते माझ्याशी कधी बोलत नसत त्या ऑफिसच्या इंग्रजीत.

"मिस, त्या दिवशी सकाळी तुम्ही साडेपाचला स्टँडवर होता. आकाश कसं होतं?"

मला आठवत होतं. चांदण्या मावळत होत्या आणि पूर्वेला एक ढग नव्हता. कावेरीवर जाणाऱ्या बायका डोक्यावर ताटं घेऊन उभ्या होत्या.

"निरभ्र होतं सार."

"आणि फोन?"

"चार पन्नास."

एवढं बोलल्यावर सही करणं सोपं होतं. मी केली. सारांनी शिक्का मारला, शटर वर ढकललं आणि पत्र त्या बाईच्या हातात दिलं. नवऱ्याच्या नाही, तिच्या. तिला सांगितलं, वाटेत कोणालाही दाखवू नको, सरळ एजंटकडे जा, त्रिचीची बस एक पाचला आहे. मॅनेजर दारापर्यंत गेला, पण भर बाजारात एका बाईच्या हातून कागद ओढून घेणं त्याला जमलं नाही.

आम्हा दोघांनाही त्यानं उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सारांनी ते लेखी मागितलं. त्यानं लिहून दिलं. सारांनी वाचलं आणि परत दिलं, वेळ राहिली म्हणून. त्यानं दात चावून घड्याळ पाहिलं आणि लिहिलं, एक पस्तीस. मग सारांनी किल्ली टेबलावर ठेवली, सुतळी सोडून तक्रारवही मॅनेजरच्या हातात दिली आणि पोचपावती घेतली. त्याच दुपारी ते पोस्टात गेले आणि तंजावूर ऑफिसचा त्या महिन्याचा तोवरचा, स्वतः केलेला तक्ता, डायरीच्या पानांची नक्कल जोडून, रजिस्टर करून दिल्लीला पाठवला.

त्यानंतर मी त्यांच्यावर कित्येक महिने रागावलेली होते. तो आडी महिना आम्ही जुन्या पद्धतीनं काढला, आणि पुढचे महिनेही. माझी मधली बहीण दहावीत होती. तिनं शाळा सोडली आणि अम्माबरोबर अप्पळं लाटायला जाऊ लागली. पुढे मला पगार सुरू झाल्यावर मी तिला परत जा म्हटलं, पण ती गेली नाही. तिची ही वर्षं कोणाच्या खात्यावर घालायची ते मला माहीत आहे, आणि ती जबाबदारी मी सारांवर ढकलत नाही. पण त्या वर्षांचा बाप त्यांनी एकदा तरी विचारावा असं मला वाटायचं. त्यांनी विचारला नाही.

ते दुसरंच करत होते. दर आठवड्याला ते आमच्या दाराशी यायचे, आत यायचे नाहीत, आणि टाइप केलेला नोकरीचा अर्ज ओट्यावर ठेवून जायचे. प्रत्येक अर्जात एक ओळ असायची. आधीची नोकरी सोडण्याचं कारण, एका दूरध्वनीची खरी वेळ सांगितली. मी ती ओळ वाचून अर्ज फाडायची. पुढच्या आठवड्यात तोच अर्ज, तीच ओळ. अम्मा म्हणायची, या माणसाला वेड लागलं आहे, त्यांना दोन घास जेवायला तरी थांबव. ते थांबत नसत. आठवा की नववा अर्ज मी कंटाळून न वाचता पाठवला. मद्रासच्या एका मालवाहतूक कंपनीत मला बोलावलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं. नोकरी मिळाली. तिथून पुढे पुण्याला आले.

सार मात्र मला ती नोकरी लागल्यावर फार दिवस उभे राहिले नाहीत. मार्गळीत, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, त्यांची डावी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी सुट्टीत भेटायला गेले तर ते खिडकीशी बसलेले, उजव्या हातात पेन्सिल, मांडीवर वही. वहीत नुसत्या रेघा होत्या. त्या तक्त्यातल्या गाड्यांच्या रेघा आहेत की थरथरणाऱ्या हाताच्या, मला सांगता आलं नाही. त्यांनी मला ओळखलं. मी त्यांना पगार सुरू झाल्याचं सांगितलं, पण दिल्लीचं काय झालं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. महिनाभरात ते वारले.

दिल्लीचं नंतर कळलं, विमान कंपनीच्या मद्रासच्या ऑफिसात माझ्याबरोबर शिकलेली एक मुलगी होती तिच्याकडून. सारांच्या कागदांवरून कंपनीला विचारणा आली होती. कंपनीनं खूप पत्रव्यवहार केला आणि शेवटी तो तक्ता दुरुस्त करून पाठवला. बाकी सगळी वादळं तशीच राहिली. त्रिचीचं आडीच्या अठराव्याचं एक उड्डाण मात्र हवामानातून काढून व्यापारी कारणात घातलं, आणि त्याच्यासमोर एक तक्रार मोजली.

गवंड्याची ती तुकडी गेलेलीच होती. एजंटनं पत्र आखातात मालकाला पाठवलं आणि त्याचं नाव ठेवलं. सात महिने तो तिरुवैयारूत मजुरी करत राहिला, बायको-पोरं मंडपातून एका गोठ्यात राहायला गेली. सार वारल्यावर पंधरा दिवसांनी त्याचा नवा व्हिसा आला. तो रेल्वेनं मद्रासला गेला आणि तिथून विमानानं कामावर गेला.